मानमोडीची साथ आणि लोकभय

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांना प्लेगचे रोगी प्रथम आढळले. ती वार्ता पसरताच शहराचा धीर सुटला. आगगाड्या आणि बोटी माणसांनी भरभरून बाहेर जाऊ लागल्या, गिरण्यांना मजूर मिळेनासे झाले, आणि १८९७ च्या आरंभीच्या महिन्यांत, सव्वाआठ लाख वस्तीच्या त्या नगरीतून निम्म्याच्या आसपास माणसे निघून गेलेली होती. त्यानंतर बावीस वर्षांनी त्याच मुंबईत दुसरी एक साथ आली. १९१८ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ६ तारखेला, केवळ एका दिवसात, शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. प्लेगने हिंदुस्थानात सुमारे तीन दशकांत जेवढे बळी घेतले जवळजवळ तेवढे, किंबहुना त्याहून अधिक, या नव्या साथीने काही महिन्यांतच घेतले. तरीही या खेपेस शहर १८९७ सारखे ओस पडले नाही, इस्पितळावर जमाव चालून गेला नाही, की कोणा अधिकाऱ्यावर पिस्तूल झाडले गेले नाही.

ज्या रोगाने अधिक माणसे नेली त्याने कमी खळबळ माजवावी, आणि ज्याने त्या मानाने कमी नेली त्याने उभा समाज हादरवून सोडावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. परंतु साथींचा इतिहास पाहू जाता हे व्यस्त प्रमाण एकदाच नव्हे, अनेकदा आढळते. रोग कोणत्या वाटेने पसरतो हे शास्त्राने आता बरेचसे उलगडले आहे. भय मात्र त्याच वाटेने जात नाही. त्याची वाट निराळी असते, आणि ती समजून घेण्यास १९१८ च्या साथीइतके बोधप्रद उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

महाराष्ट्रात या साथीला लोकांनी 'मानमोडी' हे नाव दिले. अंग मोडून येणे, मान आणि पाठ धरणे, डोके फुटेल की काय असे वाटणे, या लक्षणांचे सारे वर्णन त्या एका शब्दात सामावलेले आहे. युरोप-अमेरिकेत मात्र तिला 'स्पॅनिश इन्फ्ल्युएंझा' म्हणत, आणि या नावातच भयाच्या इतिहासाचा पहिला धडा दडलेला आहे. पहिले महायुद्ध तेव्हा ऐन भरात होते. लढणाऱ्या राष्ट्रांनी आपल्या वृत्तपत्रांवर बंधने घातली होती, आणि सैन्यात रोग पसरल्याची बातमी शत्रूच्या कानी जाणे कोणालाच परवडणारे नव्हते. स्पेन तटस्थ होता. तेथील वृत्तपत्रांनी मे १९१८ मध्ये साथीची बातमी मोकळेपणाने छापली. खुद्द राजे आल्फान्सो तेरावे आजारी पडल्याचेही जगाला कळले. ज्या देशाने खरे सांगितले त्याच्या माथी रोगाचे नाव बसले, आणि ज्यांनी लपविले ते त्यातून सुटले. वस्तुतः या साथीचा उगम कोठे झाला याबद्दल विद्वानांत अद्याप एकवाक्यता नाही. मार्च १९१८ मध्ये अमेरिकेतील कॅन्सास राज्यातल्या फन्स्टन या लष्करी छावणीत एकाएकी शेकडो सैनिक तापाने पडले, ही तिची आरंभीची एक ठळक नोंद होय. तेथून सैन्याच्या बोटींबरोबर ती फ्रान्सच्या बंदरांत उतरली आणि फ्रान्समधून युद्धाच्या दळणवळणाने जगभर गेली.

हिंदुस्थानात ती आली ती मुंबई बंदरातून. मे महिन्याच्या अखेरीस सैनिक घेऊन आलेले एक जहाज बंदरात लागले होते. १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांच्यापैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. हा ताप हिवतापाचा नव्हता. त्यानंतर थोड्याच दिवसांत जहाज कंपन्यांचे नोकर, पोर्ट ट्रस्टचे कामगार, बँका, तारखाते, टांकसाळ आणि कापडाच्या गिरण्या असा त्याचा पसारा वाढत गेला. डॉ. टर्नर हे तेव्हा मुंबई म्युनिसिपालिटीचे आरोग्याधिकारी होते. हा रोग चोरपावलांनी रात्रीत शिरला, आणि तो जहाजावरून आला, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारी अधिकाऱ्यांचा कल मात्र शहरातील दाटी आणि अस्वच्छता यांच्याकडे बोट दाखविण्याचा होता. जहाजे सरकारची होती आणि चाळी नगरीच्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या वादाचे मर्म कळून येते.

जून-जुलैची ही पहिली लाट सौम्य निघाली. तीन दिवसांचा ताप, थोडी अंगदुखी, आणि माणूस पुन्हा कामावर. 'मुंबईचा ताप' म्हणून लोकांनी ती विसरूनही टाकली. सप्टेंबरात मात्र दुसरी लाट उठली, आणि तिचे स्वरूप अगदी पालटलेले होते. ताप चढल्यावर दोनतीन दिवसांत फुफ्फुसदाह होई, श्वास कोंडे, ओठ आणि नखे काळीनिळी पडत, आणि धडधाकट तरुण माणूस पाहता पाहता दगावे. मुंबई इलाख्यातून ही लाट लोहमार्गांनी मध्यप्रांत, वऱ्हाड, संयुक्त प्रांत आणि पंजाब येथवर गेली. रेल्वेचे नोकर, टपाल घेऊन जाणारे लोक, रजेवर घरी परतणारे सैनिक आणि शहरातून गावी निघालेले मजूर हेच तिचे वाहक होते. पूर्वेकडे बंगालपर्यंत पोहोचेतो तिला उशीर झाला, आणि तेथे तिचा जोरही ओसरलेला दिसला.

इन्फ्ल्युएंझाच्या प्रसाराचे रहस्य त्याच्या वेगात आहे. रोगी खोकला, शिंकला किंवा नुसता बोलला तरी त्याच्या श्वासातून सूक्ष्म तुषार बाहेर पडतात, आणि त्यांतून विषाणू दुसऱ्याच्या श्वासमार्गात जातात. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत एक ते चार दिवस लागतात. परंतु ताप येण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच तो मनुष्य इतरांना रोग देऊ शकतो. म्हणजे जो स्वतःला निरोगी समजून गाडीत बसला, बाजारात गेला, लग्नाला गेला, तोही नकळत रोगाचा दूत झालेला असतो. प्लेगच्या बाबतीत उंदीर मरू लागले की गावाला सूचना मिळे. देवीच्या फोडांनी रोगी ओळखू येई. इन्फ्ल्युएंझाला अशी खूण नाही. शिवाय या रोगाचा विषाणू सतत रूप पालटत असतो. मधूनमधून त्याचे असे एखादे रूप निर्माण होते की, पूर्वीच्या आजाराने शरीरात आलेली प्रतिकारशक्ती त्याला ओळखतच नाही. मग एका शहरापुरती साथ न राहता ती साऱ्या जगाची होते.

अशा रोगाला अडविणे दुर्घट असले तरी सर्वस्वी अशक्य नव्हते, हे पॅसिफिक महासागरातील दोन बेटसमूहांनी त्याच वर्षी दाखवून दिले. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी न्यूझीलंडहून निघालेले 'टालून' नावाचे जहाज पश्चिम सामोआच्या आपिया बंदरात आले. जहाजावर रोगी असूनही उतारूंना उतरू देण्यात आले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत त्या बेटांवरील पाचातला एक मनुष्य मृत्यू पावला. शेजारीच अमेरिकेच्या ताब्यातील सामोआ होता. तेथील गव्हर्नर पॉयर यांनी बाहेरून येणाऱ्या बोटींना कडक अटकाव केला, आणि तेथे या साथीने एकही बळी घेतला नाही. एकच समुद्र, एकाच वंशाची माणसे आणि एकच विषाणू. परंतु एके ठिकाणी सूचना वेळेवर मानली गेली, दुसऱ्या ठिकाणी मानली गेली नाही.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराची कथा याहून निराळी आणि भयाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. २८ सप्टेंबर १९१८ रोजी तेथे युद्धकर्जाच्या प्रचारासाठी मोठी मिरवणूक काढण्याचे ठरले होते. शहरात साथ शिरली आहे, मिरवणूक रद्द करावी, असा इशारा काही डॉक्टरांनी दिला. अधिकाऱ्यांनी तो मानला नाही. हा नेहमीचाच ताप आहे, घाबरण्याचे कारण नाही, असे लोकांना सांगण्यात आले. सुमारे दोन लाख माणसे रस्त्याच्या दुतर्फा जमली. तीन दिवसांत इस्पितळांतील खाटा भरून गेल्या, आणि पुढच्या काही आठवड्यांत बारा हजारांवर माणसे मरण पावली. प्रेते घरांतून हलविण्यास माणूस मिळेना, शेजारी शेजाऱ्याच्या दारात जाईना. लोक घाबरू नयेत म्हणून सत्य दडविले गेले होते. परंतु जे वृत्तपत्रात नव्हते ते लोकांना गल्लीगल्लीत दिसत होते, आणि सांगितलेले व दिसलेले यांत अंतर पडताच अधिकाऱ्यांच्या कोणत्याच शब्दावर विश्वास उरला नाही. भय टाळण्यासाठी केलेल्या मौनातूनच भयाचा उद्भव झाला.

हिंदुस्थानातील हानीची तुलना मात्र कशाशीच होऊ शकत नाही. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ साली केलेला प्राथमिक अंदाज साठ लाख मृत्यूंचा होता. १९२१ च्या खानेसुमारीने तो आकडा दुपटीवर नेला. पुढे लोकसंख्याशास्त्रज्ञांनी केलेले अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन-पावणेदोन कोटींच्याही वर जातात. आजच्या भारताच्या भूप्रदेशापुरता हिशेब केला तर १९११ साली २५.२१ कोटी असलेली लोकसंख्या १९२१ साली २५.१३ कोटी झाली. खानेसुमारी सुरू झाल्यापासून लोकसंख्या घटल्याचे हे एकमेव दशक होय.

या संहारात रोगाइतकाच वाटा दारिद्र्याचा होता. १९१८ चा पाऊस फसला होता. महायुद्धामुळे धान्याचे भाव चढले होते, चारा नव्हता, त्यामुळे दूधही दुर्मीळ झाले होते. लष्कराच्या सेवेसाठी अनेक डॉक्टर परदेशी गेले होते. मुंबई शहरातील मृत्यूंचा जो जातवार हिशेब तेव्हा मांडला गेला, तो पाहिल्यावर या रोगाला निःपक्षपाती म्हणण्याचे धाडस होत नाही. दर हजारी मृत्यूंचे प्रमाण युरोपीयांत ८.३ आणि पारशांत ९ होते. हिंदूंच्या इतर जातींत ते १८.९ होते. त्या काळच्या सरकारी भाषेत ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले जाई, त्यांच्यात मात्र ते ६१.६ पर्यंत गेले होते. विषाणू सर्वांच्या घरी सारखाच गेला. परंतु ज्याच्या घरी दूध होते, हवा होती आणि उशाशी बसायला माणूस होते, तो बहुधा वाचला. देशातील बहुतेक भागांत तरुण स्त्रियांचे मृत्यू पुरुषांहून अधिक झाले, ही गोष्टही विसरण्यासारखी नाही. घरातील सर्वांची शुश्रूषा तिच्याकडे होती, आणि घरातील अन्नाचा शेवटचा वाटाही तिचाच होता.

हिंदी कवी सूर्यकांत त्रिपाठी 'निराला' यांची पत्नी मनोहरादेवी या साथीत रायबरेलीजवळच्या डलमऊ येथे निवर्तली. पाठोपाठ त्यांच्या कुटुंबातील आणखी अनेक माणसे गेली. सरणासाठी लाकूड मिळत नव्हते, आणि गंगेचे पात्र प्रेतांनी भरले होते, ही आठवण त्यांनी पुढे गद्यात लिहून ठेवली आहे. महात्मा गांधींची सून, हरिलाल यांची पत्नी, आणि तिचा लहान मुलगा हेही याच साथीत दगावले. ही नावे इतिहासाला माहीत आहेत. उरलेल्या कोटी-सव्वा कोटी माणसांची नावे कोठेही नाहीत. गावच्या मृत्युनोंदीत त्यांच्यापुढे बहुधा 'ताप' एवढेच कारण लिहिलेले आहे.

एवढा अनर्थ घडूनही १८९७ सारखा क्षोभ का झाला नाही, या प्रश्नाकडे आता वळले पाहिजे.

पहिले कारण असे की, पळून जाण्यास जागाच नव्हती. १८९६ साली प्लेग मुंबईत होता आणि कोकण-देशावरची गावे निर्भय वाटत होती. १९१८ साली शहर आणि गाव यांत काही अंतरच उरले नाही. जेथे जावे तेथे रोग आधीच पोहोचलेला असे. दुसरे कारण रोगाच्या ओळखीचे. प्लेग हे नाव अपरिचित आणि भयंकर होते. सर्दी-पडसे आणि ताप यांची मात्र कोणाला नवलाई नव्हती. जो शत्रू ओळखीच्या वेषात येतो त्याच्याविषयी दचक वाटत नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण मात्र रोगात नसून राज्यकर्त्यांच्या वर्तनात होते.

प्लेगच्या वेळी सरकारने पुष्कळ काही केले, आणि जे केले ते बळाने केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याने अधिकाऱ्यांना घरे तपासण्याचे, प्रवासी अडविण्याचे आणि रोग्यांना हलविण्याचे व्यापक अधिकार दिले. त्याच्याही आधी, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर गिरणीकामगारांचा मोठा जमाव चालून गेला होता. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे त्याला मारून टाकतात, अशी अफवा गिरणगावात पसरली होती. पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांनी गोरे सोजीर घरांच्या झडतीसाठी नेमले. ते स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, स्त्रियांची तपासणी झाली, सामान रस्त्यावर टाकून जाळले गेले. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. पुणेकरांना उंदरांचे भय होते, पण त्याहून अधिक भय बंदूक घेऊन घरात शिरणाऱ्या हाताचे होते.

याच प्लेगच्या काळात भयाचा आणखी एक प्रतिकार पुण्याने पाहिला. सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या मदतीने रोग्यांची सेवा चालविली होती. तीच सेवा करीत असता त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ज्यांच्या घरात शिपायांना प्रवेश नको होता, त्यांच्याच घरांचे दार अशा माणसांना उघडे होते. एक हात जबरदस्तीचा आणि एक हात सेवेचा. रोगी दोन्हींत तोच असला तरी त्याच्या मनावरील परिणाम अगदी निराळा होता.

१८९७ च्या अनुभवाने सरकार शिकले. परंतु तो धडा त्याने उलटा घेतला. जबरदस्ती करू नये एवढेच न ठरविता, फारसे काहीच करू नये, असे त्याने १९१८ साली जणू ठरवून टाकले. मोकळ्या हवेत झोपावे, गर्दी टाळावी, अशी पत्रके निघाली. काही शाळा बंद करून तेथे रोग्यांची सोय झाली. याहून फारसे काही झाले नाही. घरात कोणी शिपाई शिरला नाही, म्हणून दंगाही झाला नाही. परंतु औषध घेऊनही कोणी आले नाही. देशी वृत्तपत्रांनी तेव्हाच सरकारला जाब विचारला होता की, लक्षावधी प्रजा मरत असताना राज्यकर्ते कोठे होते?

ती पोकळी भरून काढली समाजातील लोकांनी. मुंबईत सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था आणि निरनिराळ्या जातिधर्मांची मंडळे यांनी तात्पुरती रुग्णालये उघडली, दूध आणि औषध यांचे वाटप केले, बेवारशी प्रेतांची व्यवस्था लावली. सुरत जिल्ह्यात कल्याणजी आणि कुंवरजी मेहता या बंधूंनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन खेडोपाडी औषधे पोहोचविली. त्या औषधांत रोग बरा करण्याचे सामर्थ्य नव्हते, हे आज निश्चित सांगता येते. इन्फ्ल्युएंझावर तेव्हा जगात कोठेच औषध नव्हते. परंतु वेळेवर पाजलेले पाणी, पेज आणि दूध, अंगावर घातलेले पांघरूण, आणि कोणीतरी विचारपूस करण्यास आले आहे हा दिलासा, यांनी किती प्राण वाचविले असतील याचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत मिळणार नाही.

डॉक्टरांचा नाइलाज होता, कारण त्यांचे ज्ञानच चुकलेले होते. १८९२ साली जर्मन शास्त्रज्ञ फायफर यांनी रोग्यांच्या कफात एक जंतू शोधला आणि तोच इन्फ्ल्युएंझाचे कारण असे जाहीर केले. १९१८ साली जगभर त्याच जंतूवर लसी तयार होत होत्या. खरे कारण म्हणजे सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारा विषाणू. तो मानवी रोग्यापासून वेगळा करण्यात स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तीन ब्रिटिश शास्त्रज्ञांना १९३३ साली यश आले. पुढे अलास्कातील एका वस्तीत बर्फाळ जमिनीखाली पुरलेल्या प्रेताच्या फुफ्फुसातून १९१८ च्या विषाणूचे अवशेष मिळाले, आणि २००५ साली त्याची संपूर्ण रचना शास्त्रज्ञांनी पुन्हा जुळविली. ज्या मारेकऱ्याने कोट्यवधींचा बळी घेतला, त्याची ओळख पटण्यास अशी सत्त्याऐंशी वर्षे लागली.

ज्ञान वाढले तसे साथीला सामोरे जाण्याचे मार्गही बदलले. १९५२ साली जागतिक आरोग्य संघटनेने इन्फ्ल्युएंझावर नजर ठेवणाऱ्या प्रयोगशाळांचे जाळे उभारले. १९५७ च्या आरंभी चीनमध्ये नव्या विषाणूची साथ उद्भवली. चीन त्या जाळ्यात नसल्याने जगाला ती हाँगकाँगला पोहोचल्यावरच कळली. मे महिन्यात सिंगापूरकडून मद्रासला आलेल्या एका जहाजाबरोबर ती भारतात शिरली. १९५८ च्या फेब्रुवारीपर्यंत देशात सुमारे ४४ लाख रोगी आणि हजाराहून थोडे अधिक मृत्यू नोंदले गेले. नोंदीबाहेर राहिलेली संख्या अर्थातच यापेक्षा मोठी असणार. तथापि कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये विषाणू ओळखला गेला, आणि प्रांतोप्रांतीचे आकडे गोळा होऊन प्रसिद्ध झाले. १९१८ सारखा अंधार या वेळी नव्हता.

परंतु ज्ञानाने भयाचे प्रमाण बरोबर बसतेच असे नाही. १९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फोर्ट डिक्स छावणीत डुकरांच्या इन्फ्ल्युएंझाशी मिळताजुळता विषाणू सापडला आणि एक सैनिक मरण पावला. १९१८ ची आठवण जागी झाली. साऱ्या राष्ट्राला लस टोचण्याचा कार्यक्रम जाहीर झाला, आणि चार कोटींवर लोकांनी ती टोचून घेतली. साथ मात्र आलीच नाही. उलट लस घेतलेल्यांपैकी काहींना मज्जातंतूंचा एक क्वचित आढळणारा विकार जडल्याचे दिसून आले, आणि डिसेंबरात तो कार्यक्रम थांबवावा लागला. त्यानंतर कित्येक वर्षे तेथील लोकांच्या मनात लशीविषयीच किंतु राहिला. आलेल्या साथीबद्दल मौन बाळगल्याने विश्वास जातो, तसाच न आलेल्या साथीबद्दल निश्चयाने बोलल्यानेही तो जातो.

२००९ साली मेक्सिकोतून निघालेल्या नव्या साथीला वृत्तपत्रांनी 'स्वाइन फ्लू' म्हटले, आणि हे नावच पुष्कळ अनर्थास कारण झाले. रोग माणसाकडून माणसाला होत होता. तरीही इजिप्तच्या सरकारने एप्रिलमध्ये देशातील सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा हुकूम दिला. कैरोतील कचरा गोळा करणाऱ्या गरीब ख्रिस्ती लोकांची उपजीविका त्या डुकरांवर चालत असे. रोगास त्याने यत्किंचितही आळा बसला नाही. एका समाजाचे पोट मात्र बुडाले, आणि पुढे शहरात कचऱ्याचे ढीग साचले ते वेगळेच.

त्याच वर्षी ३ ऑगस्टला या साथीतील भारतातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. दुसऱ्या दिवसापासून शहराचे रूप पालटले. नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी लांबच लांब रांगा लागल्या. शाळा, महाविद्यालये आणि चित्रपटगृहे बंद झाली. मुखपट्ट्या कितीतरी पट भावाने विकल्या जाऊ लागल्या, आणि ज्यांना त्या परवडल्या नाहीत त्यांनी रुमाल बांधले. कापूर आणि वेलदोड्याच्या पुरचुंड्या हुंगत माणसे रस्त्याने हिंडू लागली. ज्यांना काहीच झाले नव्हते ते रांगेत उभे राहिले, आणि त्या गर्दीतच त्यांना रोग होण्याचा संभव वाढला. सरकारी नोंदीप्रमाणे २००९ मध्ये देशात या रोगाने ९८१ मृत्यू झाले. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, ते १७६३ झाले. २०१५ मध्ये त्याच विषाणूने सुमारे तीन हजार माणसे नेली. परंतु पुण्याचे ते ऑगस्टमधील दृश्य पुन्हा त्या प्रमाणात दिसले नाही. संकट तिपटीने वाढले तेव्हा त्याची नवलाई संपलेली होती, आणि नवलाईबरोबर भयही ओसरले होते.

यानंतर आलेल्या २०२० च्या साथीचा विषाणू इन्फ्ल्युएंझाचा नव्हता. तरी लोकभयाचा क्रम तोच राहिला. २५ मार्च २०२० पासून सारा देश बंद झाला. तेव्हा देशात नोंदलेले रोगी पाचसहाशेच होते. १९१८ साली आगगाड्यांनी रोग गावोगाव नेला होता. या वेळी आगगाड्या थांबल्या आणि शहरांतील मजूर पोराबाळांसह शेकडो मैल पायी गावाकडे निघाले. वर्षभरानंतर भय विरले, सभा-समारंभ पुन्हा भरू लागले, आणि १९१८ नंतर शतक उलटल्यावर, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, नद्यांच्या काठी प्रेतांचे तेच दृश्य पुन्हा दिसले. मुखपट्टी आणि सावधगिरी यांची खरी गरज ज्या महिन्यांत होती, त्याच महिन्यांत त्या सैल झाल्या होत्या.

या सव्वाशे वर्षांच्या वृत्तांतावरून एवढे स्पष्ट होते की, लोकभय हे मृत्यूंच्या संख्येने मोजता येत नाही. रोग नवा असेल, त्याचे नाव अपरिचित असेल, अधिकाऱ्यांचा हात कठोर असेल किंवा त्यांचे बोलणे खोटे ठरले असेल, तर थोड्या मृत्यूंनीही समाज बिथरतो. रोग ओळखीचा वाटला, मरणारी माणसे गरीब आणि दूरची असली, तर कोट्यवधी मृत्यूही निमूटपणे घडून जातात. पहिल्या प्रकारात माणसे एकमेकांपासून पळतात. दुसऱ्या प्रकारात ती मरतात आणि त्यांचा जाब विचारणारा कोणी उरत नाही. या दोहोंत अधिक भयावह काय, हे १९१८ सालाने दाखविले आहे. त्या वर्षी देशात दंगा झाला नाही, म्हणून पुष्कळ काळ कोणाला त्या साथीची आठवणही झाली नाही. तिची स्मारके उभारली गेली नाहीत, शाळेच्या पुस्तकांत तिला ओळी मिळाल्या नाहीत.

साथीचा रोग आगगाडीने, बोटीने आणि आता विमानाने येतो. त्याला पूर्णपणे थोपविणे मानवाच्या हाती क्वचितच असते. भयाला वेळीच आवरणे मात्र बरेचसे मानवाच्या हाती आहे. त्यासाठी जे ठाऊक आहे ते सांगावे लागते, जे ठाऊक नाही तेही कबूल करावे लागते, आणि जो मनुष्य दाराशी येतो त्याच्या हातात दंडुक्याऐवजी दुधाचे भांडे असावे लागते. सर्वांत आधी मात्र मेलेल्यांची मोजदाद खरी व्हावी लागते. १९१८ च्या नोंदवह्यांत 'ताप' या एका शब्दाखाली जी अगणित माणसे झाकली गेली, त्यांची संख्या शास्त्रज्ञ आजही शोधीत आहेत.